बसून ओढवेल एवढंच

हेफिल्ड,
जूनचा दुसरा आठवडा, ऐन थंडी

प्रिय मर्व्ह,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शेगडीत लाकूड सारत होते, म्हणून नीट उत्तर दिलं नाही. हात मोकळे असते तरी दिलं नसतं म्हणा. तू बोलत असताना समोरच्याने मधूनमधून ‘हं’ म्हणायचं असतं, हे मी तुमच्या घरात लग्न करून आले त्याच वर्षी शिकले. क्लाइव्ह, तुझा सख्खा भाऊ, तर त्यात इतका तरबेज झाला होता की तुझा फोन कान आणि खांद्यात धरून तो बटाटे सोलायचा. पण ‘हं’चा अर्थ तू ‘हो’ असा घेतोस, ही तुझी जुनी खोड, म्हणून लिहून कळवते आहे. लिहिलेलं मध्येच तोडता येत नाही, एवढा एक फायदा.

तू दोन गोष्टी म्हणालास. पहिली, क्लाइव्हचं धनुष्य तुमच्या शिकारीच्या क्लबला द्यावं. बारच्या वर, तुझ्या त्या मोठ्या शिंगांच्या शेजारी जागा केली आहे, खाली पितळी पाटी लावणार. “आठवण राहील गं ग्लेनिस, नवी पोरं येता-जाता बघतील.” दुसरी गोष्ट तू फोन ठेवता ठेवता सांगितलीस, कुत्र्याला काय खायला घातलं ते सांगावं तशी. “ब्रॉनविनची काळजी सोड. तिला माझं जुनं सत्तर पौंड ताणाचं धनुष्य दिलंय. दणकट आहे पोरगी. महिनाभरात ओढायला लागेल, मग जुलैत तिला वर सांबराच्या शिकारीला घेऊन जातो.”

पहिल्या गोष्टीचं उत्तर नाही, असं आहे. दुसरीचं लांब आहे. चहा करून घे आणि बस.

ब्रॉनविन रविवारी जेवायला आली होती. माझी ही मुलगी गुरांच्या डॉक्टरकडे काम करते, अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढते, पाय मोडलेला मेंढा एकटीने उचलून टेबलावर ठेवते. रविवारी ती डाव्या हाताने मटणावर रस्सा ओतत होती आणि निम्मा टेबलक्लॉथवर सांडत होती. मी मुद्दाम म्हटलं, “वरच्या फळीवरचं पुडिंगचं भांडं काढ गं.” तिचा उजवा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग तिने खुर्ची घेतली, वर चढली आणि डाव्या हाताने भांडं काढलं. “काय झालंय?” “काही नाही आई, सवय होतेय. मर्व्ह काका म्हणतात पहिले काही आठवडे असंच होतं.” “आणखी काय म्हणतात काका?” तिने सांडलेला रस्सा पुसला. मग म्हणाली, “काका म्हणतात, बाबांच्या हातात सत्तरचं असतं तर सांबर जागच्या जागी पडलं असतं. त्याच्यामागे दरीत उतरायची वेळच आली नसती. आई, बाबांनी केली ती चूक मी करणार नाही.”

मी पुडिंग वाढलं. वर साय घातली. मला गप्प बसता येतं हे तुला ठाऊक आहे, आणि गेली तीन वर्षं तू त्याच्यावरच जगतो आहेस. पण ते पुढे येईलच.

तुला आमची शेड आठवते का रे? तू तिथे यायचास ते मागचा फ्रिज बिअरसाठी होता म्हणून, तेव्हा बाकीचं कदाचित नीट पाहिलं नसशील. दाराशी उजव्या हाताला दुधाचा एक निळा क्रेट उलटा ठेवलेला असायचा. कोणी धनुष्य घ्यायला आला, किंवा आहे त्याचा ताण वाढवून मागायला आला, की क्लाइव्ह त्या क्रेटकडे बोट दाखवायचा. एकदा पलीकडच्या गावाहून एक बांधकामवाला आला होता. मान अशी की शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. “सत्तर द्या. ऐंशी असेल तर ऐंशीच द्या.” क्लाइव्ह म्हणाला, “बसा.” “बसू? मी धनुष्य घ्यायला आलोय.” “हो, क्रेटवर बसा. आणि पाय जमिनीवरून उचला.” मग नेहमीची पद्धत. धनुष्य सरळ समोर, भिंतीवरच्या गोणीकडे. वर नाही, खाली नाही. दोरी इतकी सावकाश ओढायची की खिडकीत झोपलेलं मांजर जागं होता कामा नये. ओढलेली तशीच धरायची, क्लाइव्हची सिगारेट वळून होईपर्यंत, आणि तो सिगारेट वळायचा ती एखादी बाई बाळाला कपडे घालते तशी. मग बाण न सोडता तितक्याच सावकाश दोरी परत न्यायची. तो बांधकामवाला अर्ध्या ओढीत लाल झाला, पुढच्या पावात जांभळा झाला, आणि क्रेटसकट उताणा पडला. मांजर केव्हाच पळालं होतं. क्लाइव्हने त्याला हात देऊन उठवलं, पँटवरची माती झटकली आणि म्हणाला, “पंचावन्नने सुरू करू. घरी सांगायची गरज नाही. मीही सांगणार नाही.”

खरंच त्याने कधी कोणाचा आकडा बाहेर सांगितला नाही. मी खिडकीतून बघत असायचे, कपडे वाळत घालताना. मी सांगायला लागले तर तुमच्या क्लबातल्या अर्ध्या लोकांना शनिवारी दुसरं काहीतरी काम काढावं लागेल. बारपाशी सत्तर, पंच्याहत्तर असं ओरडणारे ते सगळे पुरुष आमच्या क्रेटवर साठच्या वर टिकलेले नाहीत. म्हातारी झाले आता, पण पुरुष माणूस आकडा वाढवून सांगतो तेव्हा त्याला कोण बघत असतं असं वाटतं, हे मला अजून कळलेलं नाही. बायका तर बघत नाहीत. आम्ही कपडे वाळत घालत असतो.

तू मात्र त्या क्रेटवर एकदाही बसला नाहीस. “मी काय गाय दोहायला आलोय?” म्हणायचास. क्लाइव्ह तुझ्यापेक्षा मोठा, त्याने तुला एकदाच बजावलं होतं, “बसून ओढवेल एवढंच धनुष्य आपलं, मर्व्ह. उभं राहून ओढलेलं आपलं नसतं.” तू हसलास आणि त्याच्या पाठीवर थाप मारलीस. तू ओढतोस ते मी पाहिलं आहे. आधी धनुष्य आभाळाकडे, मग कंबर वाकडी, एक पाय मागे, दात बाहेर, आणि मग वरून खाली येत येत कशीबशी ओढ पूर्ण. अडकलेली खिडकी उघडणारा माणूस असाच दिसतो. तुम्ही म्हणता, एकदा ती धनुष्याच्या टोकांची चाकं फिरली की पुढचा भार हलका होतो. होत असेल. पण चाकं फिरेपर्यंत काय? तेवढ्या वेळात वीस पावलांवरचं सांबर तुझ्याकडे बघत उभं राहणार आहे का, तुझा कार्यक्रम संपेपर्यंत?

मला शाळेत नववीपुढे कोणी ठेवलं नाही, याची तू मला पुष्कळदा आठवण करून दिली आहेस, विशेषतः मी काही वाचलेलं बोलले की. पण पुस्तकांची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येते आणि ती कोणाला नववी-दहावी विचारत नाही. क्लाइव्हच्या खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी त्या गाडीतून खांद्यावरचं एक जाड पुस्तक आणलं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं, अर्धं कळलं, मग परत वाचलं. खांदा म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा काहीतरी असेल असं मला वाटायचं. तसा तो नाही. तो बशीत ठेवलेल्या चेंडूसारखा आहे, आणि चार पातळ पट्ट्या त्याला धरून ठेवतात. त्या पट्ट्या दंडासारख्या फुगत नाहीत, आरशात दिसत नाहीत, म्हणून पुरुषांना त्यांच्याबद्दल आदर नाही. थंडीत त्या आखडतात. क्लबात हिटरपाशी दोन बिअर पिऊन उठलेल्या माणसाचा खांदा वेगळा, आणि दहिवर पडलेल्या उतारावर सकाळभर न हलता गुडघ्यांवर बसलेल्या माणसाचा खांदा वेगळा. शिकार तू हिटरपाशी करत असशील तर सत्तर घे. मी क्लाइव्हला ते पान वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “हे तर क्रेटने मला आधीच सांगितलं होतं.” पण त्याला बरं वाटलं होतं. त्याने ते पुस्तक परत करायच्या दिवशी स्वतः गाडीपर्यंत नेलं.

ऑपरेशननंतर त्याने आपल्या धनुष्याचा ताण चोपन्नवर आणला. तेही क्रेटवर बसूनच, माझ्यासमोर, थोडं थोडं उतरवत. सांबरासाठी पन्नासाच्या खाली चालत नाही, म्हणजे तो नियमाच्या वरच होता. बाण थोडा जड केला, पाती जास्त घासली. “सांबराला आकडा वाचता येत नाही, ग्लेन. त्याला फक्त धार कळते आणि जागा कळते.” त्या चोपन्नने त्याने पुढे कितीतरी जनावरं आणली, आणि ती तू खाल्लीस, माझ्याच टेबलावर, दोनदा वाढून घेऊन. तरी क्लबच्या नाताळच्या जेवणात तू सगळ्यांसमोर त्याला एक डबा दिलास. आत गुलाबी रिबिन. “वहिनीच्या धनुष्याला लाव रे!” सगळे हसले. क्लाइव्हही हसला. घरी येऊन त्याने ती रिबिन कापली आणि एक बोटभर तुकडा धनुष्याच्या खालच्या टोकाला बांधला, वारा कुठून येतो ते बघायला. आधी तो तिथे लोकरीचा दोरा बांधायचा. म्हणाला, “मर्व्हने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं दिलं.” ती रिबिन अजून तिथेच आहे. विटली आहे, पण खिडकी उघडली की हलते.

माझं काय चाललं आहे ते तू फोनवर विचारलं नाहीस, तरी सांगते. बरी आहे. लाकूड सान्तो आणून टाकतो, तोच तो, शिकारी कुत्री पाळणारा, ज्याला तुम्ही क्लबात घेतलं नाहीत. मी क्लाइव्हच्या बुटांना अजून तेल लावते. का, ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही आणि तुला कळणार नाही. संध्याकाळी पाती घासण्याचा आवाज येत नाही. दगडावर पातं, मग थुंकी, मग दगडावर पातं. तीस वर्षं मी त्या आवाजावर वैतागले. घासून झालं की तो माझ्या व्हॅसलीनच्या डबीत बोट घालायचा आणि प्रत्येक पात्याला अंगठ्याने लावायचा, गंज चढू नये म्हणून. मी ओरडायचे, “ते ओठांचं आहे रे!” “यांचेही ओठच आहेत,” तो म्हणायचा. आता डबी संपत नाही. एक डबी वर्षभर पुरते.

तू त्या दिवसाची गोष्ट किती वेळा सांगितलीस याचा हिशेब माझ्याकडे नाही. पहिल्यांदा मी ती पोलिसांच्या तोंडून ऐकली, मग दफनाच्या दिवशी, तू टाय लावून सँडविचच्या टेबलापाशी उभा होतास तेव्हा. तेव्हापासून ती जरा वाढली आहे, शिंगंही लांब झाली आहेत, पण गाभा तोच आहे. तुम्ही दोघे टिनपॉट ओढ्याच्या वरच्या उतारावर होता. सांबर आलं, मोठा नर. क्लाइव्हने बाण मारला. “नेम बरोबर होता बिचाऱ्याचा, पण चोपन्न पौंडांत काय दम असणार? बाण आत गेलाच नाही धड.” सांबर जखमी होऊन दरीत उतरलं. आणि बाण ज्याचा त्याने माग शेवटपर्यंत काढायचा, हा तुमच्या क्लबचा पहिला नियम, जो तू अध्यक्ष म्हणून दरवर्षी उभं राहून वाचतोस. म्हणून क्लाइव्ह उतरला. तुझा गुडघा दुखत होता म्हणून तू वरच थांबलास. त्याचं हृदय अधू होतं, ते तुला माहीत होतं. तू गाडीत बसलास, हिटर लावलास, मी दोघांसाठी भरून दिलेला थर्मास संपवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधायला गेलेल्या माणसांना तो ओढ्याकाठी सापडला, एका मोठ्या फर्नच्या झाडाला टेकून, धनुष्य मांडीवर. गोष्टीच्या शेवटी तू नेहमी मान हलवतोस आणि म्हणतोस, “किती सांगितलं होतं त्याला, सत्तर घे म्हणून.” आणि नवी पोरं मान हलवतात. त्या पोरांना दाखवायला तुला आता भिंतीवर धनुष्य हवं आहे. खाली पितळी पाटी.

पोलिसांनी धनुष्य आणि त्याला लावलेला भाता मला परत दिला. तू त्या दिवशी म्हणालास, “दे, मी साफ करून ठेवतो,” आणि मी म्हटलं, “राहू दे.” तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, फक्त त्याच्या वस्तूंना तुझा हात नको होता. संध्याकाळी मी कपडे धुवायच्या खोलीत बसून भात्याचं टोपण काढलं. सगळे बाण होते, मर्व्ह. एकही कमी नव्हता. पांढऱ्या पिसांचे, त्याच्या नेहमीसारखे. आणि प्रत्येक पात्यावर व्हॅसलीन तसंच होतं, आदल्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लावलेलं. एका पात्यावर तर त्याच्या अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटलेला होता की त्यातल्या रेषा दिसत होत्या. मी तो पुसला नाही. टोपण परत लावलं.

म्हणजे त्याने बाण मारलाच नव्हता. मग तो कशाच्या मागे उतरला? हे कळायला फार वाचन लागत नाही. तू तुझी ती अडकलेली खिडकी उघडलीस. आधी आभाळाकडे, मग खाली. सांबराने ते पाहिलं आणि ते वळलं, आणि तुझे आखडलेले हात थरथरत असताना बाण सुटला तो पोटात. सत्तर पौंडांत दम होता, पण तो चुकीच्या जागी गेला. पोटात बाण लागलेलं जनावर दिवसभर मरत असतं. तुला ते तसं सोडून गाडीकडे जायचं होतं. क्लाइव्हला सोडता आलं नाही. नियम तुझा होता, माग त्याने काढला.

मी तेव्हा बोलले नाही ते तुझ्यासाठी नव्हे. तुझी आई होती. सासूबाईंना त्या वृद्धाश्रमाच्या खिडकीत बसवून मी दर रविवारी क्लाइव्हबद्दल बोलायचे, आणि त्या अर्ध्या तासाने विचारायच्या, “मर्व्ह आला होता का गं? येणार आहे का?” एक मुलगा गेला होता. दुसराही असा निघाला हे मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हणायचे, “येईल, काम आहे त्याला.” तू तीन वर्षांत नाताळाशिवाय गेला नाहीस, आणि नाताळालाही घड्याळ बघत बसलास. एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्यांच्या शवपेटीला तू खांदा दिलास आणि चर्चच्या पायरीवर कुरकुरलास की खांदा दुखतोय. दुखणारच. तीस वर्षं आभाळ ओढतो आहेस.

आता त्या नाहीत, आणि ब्रॉनविन फळीवरचं भांडं काढायला खुर्ची घेते. ती समजते की तिचा बाप दुबळा होता आणि त्या दुबळेपणाने मेला, आणि तो दुबळेपणा ती स्वतःच्या खांद्यातून मोडून काढते आहे. म्हणून हे पत्र, आणि म्हणून त्याच्यासोबत ही लांब पेटी. तू धनुष्य मागितलंस, मी बाण पाठवते आहे. तो गेल्यानंतरच्या वसंतात सान्तो टिनपॉटच्या खालच्या अंगाला हरवलेली कुत्री शोधत होता. त्याला सांबराचा सांगाडा सापडला आणि बरगड्यांच्या मागे, जिथे पोट असतं तिथे, हा. त्याने तो माझ्या दारात आणून दिला आणि म्हणाला, “ग्लेनिस, हा क्लाइव्हचा नाही.” एवढंच. नारिंगी-काळी पिसं, दुरून दिसावीत म्हणून तू मुद्दाम मागवलेली. पिसं उंदरांनी जरा खाल्ली आहेत, बाकी तुला ओळख पटेल. शनिवारी ब्रॉनविन क्लबात येईल. मी तिला अजून काहीही सांगितलेलं नाही. हा बाण तू तिच्या हातात दे आणि कोणाचा आहे ते तुझ्या तोंडाने सांग. जवळ कोणी नसताना सांगितलंस तरी चालेल, मला तुझी फजिती बघायची हौस नाही, ती मी पुष्कळ पाहिली आहे. रविवारी ती माझ्याकडे जेवायला येते. तिने पुडिंगपर्यंत विषय काढला नाही, तर मी काढेन, आणि मग भाताही उघडेन. त्यानंतर ती बापाच्या शेडमध्ये जाईल, क्रेटवर बसेल, पाय उचलेल, आणि चोपन्न असो की पन्नास, जे तिला मांजर न उठवता ओढता येईल, त्या ताणावर मी तिच्या बापाचं धनुष्य तिला लावून देईन. ताणाची चावी कशी फिरवायची ते मला येतं, क्लाइव्हचा हात गळ्यात होता तेव्हा मीच फिरवत होते. रिबिन राहू देईन, वाऱ्यासाठी. तुझं सत्तर पौंडी ती परत आणून देईल. भिंतीवर जागा केलीच आहेस, तिथे लाव. आणि कधी यावंसं वाटलं तर ये, क्रेट दाराशीच आहे. फक्त सरळ समोर बघून, सावकाश.

तुझीच भावजय, कारण ते नातं मोडायची काही सोय नाही,
ग्लेनिस